ताल चुकतो, पण दोष हाताचा नाही

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. सिंदेवाही तालुक्यातील एका खेड्यातून एक वृद्ध गृहस्थ सुनेबरोबर माझ्या दवाखान्यात आले. वय ६८ वर्षे, धानाची थोडी शेती, मुलगा पुण्याला नोकरीत. प्रकृती काटक. खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी दोन्ही पंजे माझ्या टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हात गेला जी माझा."

हाताला सूज नव्हती, जखम नव्हती. मूठ घट्ट वळत होती. "काय होते?" असे विचारले तेव्हा म्हणाले, "ठेका चुकतो. चाळीस वर्षं भजनात तबला वाजवला, कधी चुकला नाही. आता मी समेवर थाप मारतो अन् मंडळी म्हणतात, मागे पडली. बुवा थकले म्हणतात."

पुढचे सूनबाईंनी सांगितले. दोन महिन्यांपूर्वी मामंजींनी तबला कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. तेव्हापासून जेवण कमी झाले. पहाटे तीनलाच जाग येते. अंगणात बसून राहतात, कुणी विचारले तर हो-नाही एवढेच बोलतात.

मी नेहमीप्रमाणे तपासणी केली. रक्तदाब, साखर, डोळे मिटून बोट नाकाला लावणे, हात पुढे धरून कंप येतो का ते पाहणे, कागदावर सही करणे. सर्व ठीक होते. तरीही या वयात हाताच्या हालचाली मंदावल्या की कंपवाताची शंका घ्यावी लागते. म्हणून नागपूरला मज्जारोगतज्ज्ञांकडे पाठविले. दोन खेपा झाल्या, मेंदूचा फोटो झाला, पैसा गेला. कागद घेऊन परत आले तेव्हा त्यात दोष काहीच नव्हता. ते मात्र म्हणाले, "मशीनला दिसत नसेल जी, पण हात चुकतो हे मला समजते."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "कुठे वाजवताना चुकतो?"

"मोबाईलवर. आमचं भजन आता मोबाईलवरच होते ना."

वाचकहो, रोग शोधताना डॉक्टरने रुग्णाचे शरीर पाहावे, तसेच तो रुग्ण कोणत्या परिस्थितीत जगतो तेही पाहावे, असे आम्हाला शिकविलेले असते. येथे मी कमी पडलो. त्यांचा हात पूर्ण निरोगी होता. दोष त्या हाताच्या आणि गाणाऱ्याच्या मध्ये होता. हाच गैरसमज अनेक मंडळांत, अनेक घरांत असावा असे वाटल्यावरून आजचा लेख लिहीत आहे.

भजन मोबाईलवर का गेले?

आपला मुलूख खंजिरीचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले, हा इतिहास आपण जाणतोच. महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेवर भर दिला. एकट्याने घरात बसून करावयाच्या गोष्टी त्यांना ठाऊक नव्हत्या असे नाही, पण गावाने एकत्र बसावे यावर त्यांचा कटाक्ष होता. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीत दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी पेटी, तबला, खंजिरी आणि टाळ यांच्या भोवती बसतो, ही आजही जिवंत रीत आहे. आमच्या या रुग्णाचे मंडळ तीन गावांचे मिळून होते आणि दर गुरुवारी रात्री देवळात बसत असे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि बैठक थांबली. ती थांबणे योग्यच होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात त्याच महिन्यात, १० मार्च २०२० रोजी, एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांपैकी ५३ जण कोरोनाने आजारी पडले वा तसे मानले गेले आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद जागेत जोराने गाताना श्वासावाटे विषाणू फार पसरतो, हे त्या घटनेने जगाला दाखविले. तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी मोबाईलवर सामूहिक कॉल जोडून दिला आणि भजन चालू राहिले. त्या काळात त्याने अनेकांना धीर दिला, हे मी स्वतः पाहिले आहे.

साथ ओसरली, पण या मंडळाची बैठक देवळात परतली नाही. कारण आपल्याला ठाऊक आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या भागांत वाघ आता गावाच्या शिवेपर्यंत येतो. अंधार पडल्यावर एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय मंडळातील तरुण गाव सोडून गेले. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणी हंगामात मिरची तोडायला तेलंगणात. मोबाईलवर ती सारी मंडळी गुरुवारी एकत्र येतात. आमच्या रुग्णाचा मुलगाही पुण्याहून येतो. तेव्हा "मोबाईल फेका आणि देवळात बसा" असे सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण ते शहाणपणाचे नाही.

दोष कुठे आहे?

मामा तलावाच्या पलीकडच्या काठावर कुणी बाई कपडे धूत असेल, तर आपल्याला मोगरी खाली आलेली आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. आवाजाला प्रवासास वेळ लागतो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाचे हजार भाग केले तर एक मीटर अंतराला साधारण तीन भाग लागतात. देवळात गाणारा आणि तबलजी तीन मीटरवर बसले असतील तर आवाज पोचायला नऊ भाग. एवढा उशीर कानाला जाणवत नाही. अंतर दहा मीटर झाले की तीस भाग होतात, आणि येथपासून तालाला अडचण येऊ लागते, असे या विषयातील प्रयोग सांगतात. म्हणूनच झाडीपट्टीच्या नाटकात साथीदार मंचालगत बसतात, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे.

आता मोबाईल घ्या. आपला आवाज आधी फोनमध्ये साठविला जातो, त्याचे बारीक तुकडे केले जातात, ते आकुंचित होतात, टॉवरकडे जातात, तेथून पुढच्या यंत्रणेत, मग दुसऱ्याच्या फोनमध्ये. तेथे सगळे तुकडे क्रमाने येईपर्यंत फोन थोडा थांबतो आणि मग आवाज बाहेर सोडतो. काचेच्या तंतूतून हजार किलोमीटर जायला हजारातले अवघे पाच भाग लागतात. म्हणजे पुण्याचे अंतर हा मुख्य अडथळा नाही. उशीर होतो तो दोन्ही टोकांच्या यंत्रांत आणि बिनतारी दुव्यांत.

हा उशीर बोलण्यात फारसा जाणवत नाही. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर दीडशे भागांपर्यंत असला तरी संभाषण सुरळीत चालते. कारण बोलताना आपण पाळीपाळीने बोलतो. पण संगीत पाळीपाळीने होत नाही, ते एकाच क्षणी व्हावे लागते. दीडशे भाग जायला आणि दीडशे यायला मिळून तीनशे भाग झाले. हवेत एवढ्या वेळात आवाज शंभर मीटर जातो. म्हणजे गाणारा देवळात आणि तबलजी पन्नास मीटरवरच्या बांधीत बसवून ठेका धरायला सांगावा, असा हा प्रकार आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे पाचशे भागांची होते. तीनशे भागांचा उशीर म्हणजे अर्ध्याहून अधिक मात्रा. सम कुठली राहणार?

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तबलजीला गाणाऱ्याचा आवाज उशिरा येतो. तो ऐकलेल्या सुरावर अचूक थाप देतो. ती थाप पुन्हा उशिरा गाणाऱ्यापर्यंत पोचते. तबलजीच्या बाजूने सर्व बरोबर असते, गाणाऱ्याच्या बाजूला मात्र प्रत्येक थाप मागे पडलेली ऐकू येते. याचा अर्थ असा की मोबाईलवर जो साथ करतो तो नेहमीच चुकलेला ठरतो. तो तरणा असो की म्हातारा, नवशिका असो की उस्ताद. आणि दोघेही एकमेकांसाठी थांबू लागले की लय खाली खाली जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस चेफ यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकत्र टाळ्या वाजवायला लावल्या. मधला उशीर वाढवीत नेला तशी त्यांची लय मंदावत गेली.

दुसरी अडचण अशी की हे कॉल माणसाच्या बोलण्यासाठी बनविलेले असतात. पंख्याची घरघर बोलण्यात येऊ नये म्हणून ते एकसारखा चालणारा आवाज दाबतात. पेटीचा लांबवलेला सूरही त्यांना पंख्यासारखाच वाटतो. दोघे एकाच वेळी बोलले तर ते बहुधा एकाला पुढे करतात आणि दुसऱ्याला मागे ढकलतात. दहा जणांनी मिळून ध्रुपद धरले की ऐकू काय येते, ते सांगावयास नको.

तुम्ही म्हणाल, टाळेबंदीत तर चौकटी-चौकटींतून कितीतरी जण एका सुरात गाताना आम्ही पाहिले. ते खरे आहे, पण ते त्या क्षणी एकत्र गात नव्हते. २०१० मध्ये एरिक व्हिटॅकर या अमेरिकन संगीतकाराने १२ देशांतील १८५ गायकांचा वृंद महाजालावर आणला. त्यात प्रत्येकाने आपल्या घरी एकट्याने गाऊन चित्रफीत पाठविली आणि नंतर त्या जुळविल्या गेल्या. टाळेबंदीतील बहुतेक चित्रफिती याच पद्धतीच्या. त्या पाहून कोणी स्वतःला कमी लेखू नये.

हे सर्व मी त्या गृहस्थांना तोंडी सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण चेहरा पटल्याचा नव्हता. तेव्हा मी कंपाऊंडरला अंगणात उभे केले, त्याच्या मोबाईलवर कॉल लावला, खिडकी बंद केली आणि त्याला टाळ्या वाजवायला सांगितल्या. काचेतून त्याचे हात जुळताना दिसत होते आणि माझ्या टेबलावरच्या फोनमधून टाळी नंतर येत होती. बुवा खिडकीशी उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. मग कंपाऊंडरला आत बोलावून मी गायला सांगितले आणि बुवांना टेबलावर ठेका धरायला लावला. माझ्या लाकडी टेबलावर त्यांनी जो भजनी ठेका वाजविला, त्यात एकही थाप इकडची तिकडे नव्हती. सूनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी नागपूरच्या खर्चाबद्दल त्यांची क्षमा मागितली.

एकत्र गाण्याने शरीराला काय मिळते?

आरोग्याच्या सदरात तबल्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावर एक अहवाल काढला. त्यासाठी तीन हजारांहून अधिक अभ्यास पाहिले गेले. आजार टाळण्यात आणि आजारात आधार देण्यात कलांचा उपयोग होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

गाताना आपण आपोआप लांब आणि सावकाश श्वास सोडतो. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे २०१३ साली थोड्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एकत्र गाणाऱ्यांचे श्वास जुळतात आणि श्वासांबरोबर हृदयाच्या ठोक्यांची चढउतारही जुळू लागते. इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली. गाणाऱ्या, वाजविणाऱ्या, नाचणाऱ्या माणसांची वेदना सोसण्याची क्षमता त्यानंतर वाढते, नुसते संगीत ऐकणाऱ्यांची तशी वाढत नाही. आमच्या गडचिरोलीकडील माडिया-गोंड बांधवांना हे सांगण्यासाठी ऑक्सफर्डची गरज नाही. रेला म्हणताना हातात हात गुंफून, एका पावलावर रात्र काढणारा माणूस दिवसभराचा शीण कुठे ठेवून येतो, ते त्याला ठाऊक आहे.

पण माझ्या मते सर्वांत मोठा लाभ वेगळाच आहे. भजनात म्हाताऱ्या माणसाला काम असते. शेत मुलाच्या हाती गेले, घर सुनेच्या हाती गेले, पण गुरुवारी तबला त्याच्या हाती असतो. त्याच्यावाचून बैठक अडते. "तुम्ही आलात ना?" असे कोणी विचारते. हे विचारणे बंद झाले की माणूस आतून खचू लागतो. आमच्या रुग्णाची भूक गेली, झोप गेली, बोलणे गेले, ते या कारणाने. हाताच्या आजाराने नव्हे, हात निकामी झाला या समजुतीने ते आजारी पडले होते. आणि ती समजूत मंडळातल्या चार भल्या माणसांनीच, काही वाईट मनात नसताना, "बुवा थकले" म्हणून त्यांना दिली होती.

मग मोबाईल बंद करायचा का?

नाही. येथे दोन टोकाची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, आता सर्व मोबाईलवर होते, देवळात जायचे कारण काय? जुनी मंडळी म्हणतात, या डबड्याने सारे बिघडविले. मला दोन्ही पटत नाहीत. मोबाईल हे साधन पाळीपाळीचे आहे. त्याच्याकडून पाळीपाळीचे काम घ्यावे. एका क्षणी जुळण्याचे काम त्याच्याकडून घेऊ नये.

याचे चांगले उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. कोरोनानंतर महिनोन्महिने दम लागणाऱ्या रुग्णांसाठी तेथील इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संस्थेने लंडनच्या इम्पीरियल रुग्णालयाबरोबर २०२० मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. रुग्ण आपापल्या घरी, शिक्षक पडद्यावर. शिक्षक गातो, रुग्ण आपला माईक बंद ठेवून त्याच्याबरोबर गातात. रुग्णाला शिक्षकाचा आवाज येतो, त्याचा आवाज मात्र कोणाला जात नाही, म्हणून गोंधळ होत नाही. सुमारे १५० रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये ती लॅन्सेटच्या श्वसनरोगविषयक मासिकात प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी रुग्णांच्या मनःस्वास्थ्यात सुधारणा दिसली आणि दम लागण्याच्या काही तक्रारीही कमी झाल्या. जे माणूस घराबाहेर पडू शकत नाही त्याला दुरूनही लाभ होतो, एवढे यावरून नक्की म्हणता येते. फक्त रीत बरोबर हवी.

मंडळांसाठी काही सूचना

१. पंधरवड्यातून एकदा तरी समोरासमोर बसा. वाघाचे भय असेल तेथे रात्रीची बैठक दिवसा घ्या. रविवारची दुपार वाईट नाही. जंगलाची वाट असेल तर एकट्याने निघू नका, गटाने जा, ऊन असतानाच परता आणि वनविभागाच्या सूचना पाळा. भजन रात्रीच व्हावे असा काही नियम नाही. ग्रामपंचायतीने यासाठी समाजमंदिराची किल्ली दिवसा उपलब्ध ठेवावी.

२. मोबाईलवर एका वेळी एकाच घरातून आवाज येऊ द्या. बाकीच्यांनी माईक बंद करून आपल्या घरी मोकळ्या आवाजात गावे, टाळ वाजवावा. तुमचा आवाज दुसऱ्याला जात नसला तरी श्वास तुमचाच आहे, लाभ तुम्हाला होतोच.

३. गाणारा आणि तबलजी एकाच घरात, एकाच फोनसमोर बसवा. हे शक्य नसेल तर त्या भजनाला तबला नको. तबलजीला वेगळी पाळी द्या. त्याने ठेका वाजवावा आणि इतरांनी माईक बंद ठेवून त्यावर गावे. मग तो साथीदार राहत नाही, पुढारी होतो, आणि चुकलेला ठरत नाही.

४. पाळीपाळीने भजने म्हणा. पहिले एका गावाने, दुसरे दुसऱ्या गावाने, तिसरे पुण्या-हैदराबादच्या मुलांनी. गाणे झाले की माईक उघडून दोन शब्द बोला, प्रकृती विचारा. ही विचारपूस भजनाइतकीच औषधी आहे.

५. बिनतारी इअरफोन वापरू नका. त्याने उशीर आणखी वाढतो. तारेचा साधा इअरफोन बरा. आवाज इतकाच ठेवा की जवळ बसलेल्याचे बोलणे ऐकू यावे. मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. त्यापेक्षा मोठा आवाज असेल तर वेळ फार कमी करावा लागतो.

६. उत्सवासाठी सर्वांचे एकत्र भजन हवे असेल तर प्रत्येकाने एकच ठेका कानात ऐकत आपले गाणे फोनमध्ये भरून पाठवावे. गावातील जाणकार मुले ते जुळवून देतील.

७. ज्यांच्याकडे संगणक आणि तारेने आलेले इंटरनेट आहे, त्यांच्यासाठी जॅमुलस, जॅकट्रिप यांसारखी खास वादकांची मोफत साधने आहेत. त्यांत उशीर पुष्कळ कमी असतो आणि जवळच्या शहरांतील वादक खरोखर एकत्र वाजवू शकतात. खेड्यातील मोबाईलवर मात्र त्याची अपेक्षा धरू नये. भामरागड-एटापल्लीकडील अनेक गावांत तर साधा कॉलही तुटत तुटत पोचतो.

८. रात्री नऊला कॉल आटोपा. झोप मोडून केलेल्या भजनाने सकाळी शेतावर चक्कर येते.

खरा आजार कसा ओळखावा?

हा लेख वाचून हाताच्या सर्वच तक्रारी कोणी मोबाईलच्या माथी मारू नयेत. घरच्या घरी एक परीक्षा करा. समोर बसून गाणाऱ्याबरोबर ताल बरोबर येत असेल आणि फक्त कॉलवर चुकत असेल, तर हात निर्दोष आहे. समोरासमोरही चुकत असेल, हात विश्रांतीत असताना थरथरत असेल, अक्षर बारीक होत चालले असेल, चालताना पाय घासत असतील, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. एकाएकी एक हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोबडे बोलणे, यांत एक मिनिटही घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि आपल्या भागातील अंतरे पाहता तो वेळ फार थोडा आहे.

तसेच घरातील वडीलधारे दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असतील, झोप-जेवण उडाले असेल, आवडीचे काम सोडून दिले असेल, तर "म्हातारपण आहे, चालायचेच" म्हणू नका. त्यावर इलाज आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फुकट मिळतो.

शेवटी एवढेच सांगणे आहे. यंत्राने केलेली चूक माणसाच्या पदरी घालण्याची सवय आपल्याला लागत चालली आहे. दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून म्हाताऱ्या बाईला खोटे पाडतो. कॉलवर आवाज तुटतो म्हणून समोरच्याला बहिरा म्हणतो. ताल मागे पडतो म्हणून चाळीस वर्षांचा हात थकला म्हणतो. आपल्या मंडळात असे कोणी तबला, पेटी वा खंजिरी गुंडाळून ठेवली असेल, तर आजच त्यांच्या घरी जा. फोन करू नका, जा. समोर बसा, एक भजन म्हणा आणि त्यांना ठेका धरू द्या.

आमच्या बुवांचे मंडळ आता महिन्यातून दोन रविवार दुपारी बसते. गुरुवारचा कॉलही चालू आहे. त्यात बुवांची पाळी पहिली असते. पुण्याचा मुलगा माईक बंद करून त्यांच्या ठेक्यावर गातो म्हणे. नागपूरची फाईल मात्र अजून माझ्या कपाटात आहे. रुग्णाला पहिला प्रश्न काय विचारावा, याची ती मला आठवण देत असते.